अर्धी टाकी

४ नोव्हेंबर

धाकटे,

तुझा निरोप मिळाला. बाबांनी रविवारी फोन ठेवला आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, त्यामुळे तो शेजारच्या शिंपीणबाईंनाही मिळाला. ‘ताईला म्हणावं, गाडीचं जे काही काम करशील ते लिहून पाठव, फोन नको.’ शेवटचे दोन शब्द ते जरा हळू म्हणाले. तर हे लिहिते आहे. नऊ वर्षांतलं पहिलं पत्र, आणि तेही पेट्रोलच्या टाकीबद्दल. कशी आहेस वगैरे विचारत नाही. तू कशी आहेस हे दर रविवारी अर्धा तास घरभर ऐकू येतं.

म्हातारी, म्हणजे आपली जुनी गाडी, तुझ्याकडे पाठवायची हे तुला माझ्या आधी कळलं. मला जेवताना कळलं. बाबा म्हणाले, धाकटीची पोर आता शाळेत जायला लागली, तिला गाडी हवी, आपल्याकडे तर नुसती उभी असते. नुसती उभी असते! गेली नऊ वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिचं ऑइल कोण बघतं, बॅटरीत पाणी कोण घालतं, बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला त्यांना कुठल्या गाडीतून कोणी नेलं आणि आणलं, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ‘बरं’ म्हटलं आणि उठून हात धुतले.

आता काम. इंजिन ठणठणीत आहे. ब्रेक गेल्या वर्षी नवे केले. दारांचे रबर बदललेत, मागच्या डाव्या दाराचं अजून जरा कुरकुरतं. खरा त्रास दोनच. पेट्रोलचा काटा दोन वर्षं झोपलेला आहे, आणि डिकी उघडली की पेट्रोलचा वास येतो. दोन्हींचं मूळ एकच, टाकीचं युनिट.

तुला हे समजावून सांगायला नको. पण तू हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवशील, आणि त्या बिचाऱ्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही माहीत नाही, म्हणून लिहिते. टाकी डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला लागून बसवलेली आहे. तिच्या पोटात एक पितळी डबी पेट्रोलवर तरंगते. डबीला दांडी, दांडी वरखाली झाली की समोर मीटरमधला काटा सरकतो. हे सगळं तळहाताएवढ्या एका गोल झाकणाला जोडलेलं असतं, आणि झाकण टाकीच्या अंगाला, बरोबर निम्म्या उंचीवर, सहा स्क्रूंनी बसवलेलं. झाकणाच्या मध्यावर तार जोडायचा नट. झाकण आणि टाकी यांच्यामध्ये बुचाचं पॅकिंग. इतकी वर्षं झाल्यावर ते बूच वाळून बिस्किटासारखं होतं, आणि गळतं.

पॅकिंग बदलायचं, दांडी साफ करायची, काटा जागा होईल. दोन दिवसांचं काम आहे. महिन्याच्या आत गाडी ट्रकवर चढवते. बाबा रोज विचारतात, ‘तिच्या गाडीचं कुठवर आलं?’ कागद अजून त्यांच्या नावावर आहेत, पण ती तुझी झालीसुद्धा.

ताई

१५ नोव्हेंबर

धाकटे,

दोन दिवसांचं काम म्हणाले होते मी. आज अकरावा दिवस.

टाकी बाहेर काढली, रिकामी केली, गॅरेजच्या दारात उन्हात ठेवली. सहापैकी दोन स्क्रू गंजून बसलेले, त्यांनी दीड दिवस खाल्ला. युनिट बाहेर आलं. डबी शाबूत होती, दांडीवर मात्र हिरव्या गंजाची पुटं चढलेली. ती घासून काढली तर काटा कसा झोपेतून उठल्यासारखा हलला. मला बरं वाटलं. मग मी झाकण उलटं केलं.

आपल्या घरचा नियम तू विसरली नसशील. जो भाग बंद करेल त्यानं आतल्या अंगाला खिळ्यानं आपली खूण करायची. बाबांचं वर्तुळ, माझी रेघ, तुझा ठिपका. आणि आपण बंद केलेलं बाबांनी तपासलं, की आपल्या खुणेशेजारी त्यांचं वर्तुळ. मी सोळाव्या वर्षापासून त्यांच्या मीटरच्या दुकानात बसते. आता दुकान मीच चालवते, ते फक्त सकाळी येऊन पेपर वाचतात. तरी परवा एका टेंपोचा स्पीडमीटर बंद केला, तर त्यांनी चष्मा लावून तो माझ्या हातातून घेतला, उघडला, बघितला, आणि माझ्या रेघेशेजारी वर्तुळ काढूनच परत दिला. माझी एकही रेघ आजपर्यंत एकटी नाही.

झाकणाच्या आत तुझा ठिपका होता. वीस वर्षांपूर्वीचा, तू एकोणीस वर्षांची होतीस तेव्हाचा. एकटाच. मी झाकण खिडकीशी नेलं, पुसलं, भिंग लावून बघितलं. वर्तुळ नव्हतं.

दुपारी बाबांना विचारलं, धाकटीनं टाकी बंद केली तेव्हा तुम्ही तपासली नव्हती का? त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘तिचं काय तपासायचं,’ म्हणाले, आणि रेडिओचा आवाज मोठा केला.

माझ्या पोटात दुखलं, धाकटे. सरळ लिहिते, कारण तू तशीही मला ओळखतेस. तुझं अक्षर चांगलं, तुझा आवाज चांगला, आई तुझी वेणी आधी घालायची कारण तुझे केस लवकर गुंतायचे, हे सगळं मी गिळलं. पण हात माझे चांगले आहेत अशी माझी समजूत होती. एवढी एकच गोष्ट मी माझी म्हणून बाजूला ठेवली होती.

तर पॅकिंग. बुचाचं नवं कापलं, बसवलं, टाकी भरली, दुसऱ्या दिवशी झाकणाच्या खालच्या कडेला थेंब. पुन्हा रिकामी. पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं कापलं. पुन्हा थेंब, त्याच जागी. तिसऱ्यांदा स्क्रू इतके आवळले की झाकणाचा पत्राच आत दबला, तो ऐरणीवर ठोकून सरळ करावा लागला. स्पेअर पार्टवाला म्हणतो, युनिटच नवं घ्या. पण नव्याची दांडी आखूड आहे, पाव टाकीला अर्धी दाखवेल. तो मला रोज विचारतो, ‘काय ताई, झालं का गळणं बंद?’ माझ्यामुळे त्याची फार करमणूक होते आहे.

बाबा काल दारापर्यंत आले, काठीवर रेलून टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, नुसतं पॅकिंग काय बघत बसलीयेस, जरा पलीकडेही बघ. धाकटीला चटकन दिसलं असतं असं ते म्हणाले नाहीत. पण मला ऐकू आलं.

ताई

२८ नोव्हेंबर

धाकटे,

गळती थांबली आहे. परवापासून टाकी गाडीत बसवून ठेवली आहे, झाकणाखाली कागद पसरला आहे, एक थेंब नाही.

केलेली कामं: टाकी आतून धुतली. दांडी साफ केली, काटा चालू. पॅकिंग नवं, चौथं. स्क्रू सहाही नवे, पितळी. मागचे दिवे तपासले. डावं मागचं दार कुरकुरतं ते कुरकुरतंच.

टाकीवर खूण केलेली नाही, घाईत राहून गेलं. बाबांना दाखवायचंही राहिलं. त्यांना सर्दी आहे, उगाच पेट्रोलच्या वासात कशाला.

ट्रक शनिवारी, तीन तारखेला. मध्ये माल बदलायच्या यार्डात गाडी तीन-चार दिवस थांबेल, दहा तारखेला तुझ्या दारात येईल. ट्रकवाल्यांचा नियम म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून पाठवते आहे. इथे आम्ही नेहमी अर्ध्याच टाकीवर चालवायचो. जुन्या गाडीला तेवढंच बरं. तुला पटलं तर बघ.

ताई

४ डिसेंबर

धाकटे,

आज रविवार. तुझा फोन येऊन गेला. बाबा नेहमीप्रमाणे तू बोललेलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणत होते. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. तू म्हणालीस, शनिवारी गाडी आली की पहिलं काम टाकी फुल करणार, कारण म्हातारीची टाकी अर्धी ठेवलेली मला बघवत नाही. बाबा हसले. मग तू म्हणालीस, तसेच पोरीला घेऊन तलावावर जाणार, तिनं मागच्या सीटसाठी आपली उशी कालच दारात आणून ठेवली आहे. बाबांनी तेही परत म्हटलं. ‘उशी आणून ठेवलीये होय? शहाणी गं बाई.’

मी सुरी खाली ठेवली आणि हे लिहायला इथे दुकानात येऊन बसले.

टाकी गळते. कधीच थांबली नव्हती. अर्ध्याच्या खाली असली की पेट्रोल झाकणापर्यंत पोचतच नाही, म्हणून कोरडी राहते. हे मला चौथ्या पॅकिंगच्या वेळी कळलं, चुकून, कारण माझ्याकडचं पेट्रोल संपलं होतं आणि मी अर्धीच भरली होती. सकाळी कागद कोरडा. मी त्या कागदाकडे किती वेळ बघत बसले तुला सांगू. मग मी तुला लिहिलं, ‘एक थेंब नाही.’ खोटं ठरू नये असं वाक्य मी शोधून काढलं. घाईत राहून गेलं हे मात्र सरळ खोटं. मी खूण केली नाही, कारण खूण केली असती तर बाबांना दाखवावी लागली असती.

तुझ्या जिवाला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. एवढं तरी मान. माझ्या मनात होतं ते फार बारीक आणि फार घाण होतं. म्हातारी माझ्याकडे नऊ वर्षं नीट होती, तुझ्याकडे गेली आणि आठवड्यात गळायला लागली, असं तू बाबांना फोनवर सांगावंस. आणि बाबांनी ते नेहमीसारखं मोठ्यानं परत म्हणावं, मी स्वयंपाकघरात असताना. मग ते म्हणाले असते, ताईच्याच हातची आहे ती, परत पाठव. यासाठी. पेट्रोल थेंब थेंब गळून मागच्या दिव्यांच्या तारांवर पडेल आणि सीटच्या पाठीमागे साचेल, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? हेच तर मी लोकांना रोज समजावून सांगते. मी त्याचा विचार फक्त करत नव्हते. आज त्या सीटवर उशी आली.

लिहायलाच बसले आहे तर दुसरंही लिहिते. नऊ वर्षांपूर्वी आईच्या शेवटच्या आजारात मी तुला सांगितलं होतं की दोन दिवस फोन लागत नव्हता, लाइन बंद होती. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, ‘खरं सांग, फोन बंद होता?’ मी म्हटलं, हो. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मी लोकांना सांगत राहिले की धाकटी विनाकारण रुसली.

फोन चालू होता. मी लावला नाही. आई त्या दोन दिवसांत सारखी तुझंच नाव घेत होती. तिचं तोंड मी पुसत होते, कूस मी बदलत होते, आणि तिचे डोळे दाराकडे. मला वाटलं, तू आलीस की ती माझ्याकडे परत बघायचीच नाही. दोन दिवस, फक्त दोन दिवस मला ती एकटीला हवी होती. मला वाटलं होतं, अजून आठवडा आहे. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. तेवढी एक गोष्ट खरी आहे.

हे पत्र टपालात टाकलं तर तुला बुधवार-गुरुवारनंतरच मिळणार, एखादा दिवस पुढेमागे झाला की गाडी आधी पोचणार. म्हणजे हेही परत उशिरा कळवल्यासारखंच. टाकत नाही. आता उठते आणि घरी जाऊन बाबांना सांगते. त्यांना सांगायची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे.

ताई

७ डिसेंबर

धाकटे,

फोनवर आपण बोललो त्याला तीन दिवस झाले. ते सगळं मिळून दोन मिनिटं झालं असेल. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे. चार तारखेचं पत्र सोबत जोडलं आहे. ते कधीही वाच. पण हे गाडी सुरू करायच्या आधी वाच.

मी घरी आले तेव्हा बाबा पलंगावर पाय सोडून बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. टाकी गळते, मला माहीत होतं, तशीच पाठवली. मला वाटलं, काठी फेकून मारतील. त्यांनी ती भिंतीला टेकवली. मग त्यांनी विचारलं, खडू मारून बघितलास?

खडू मी मारला नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गळक्या टाकीला मी खडूची पूड मारते, ओल कुठून निघते ते त्यावर लगेच दिसतं. म्हातारीला मारला नाही. कारण मला तुझ्या ठिपक्यानंतर त्या झाकणात पॅकिंगशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. तुझं पॅकिंग टिकलं आणि माझं का नाही, एवढंच डोक्यात.

‘पॅकिंग नव्हेच ते,’ बाबा म्हणाले. ‘तारेच्या नटाखालचं फायबर, ती बारीक चकती. तिथून ओघळतं आणि खालच्या कडेला येऊन थेंब धरतो. तिचीही तिथूनच गळली होती.’

मी विचारलं, कोणाची? तर म्हणे धाकटीची. तू बंद केलीस आणि महिन्याच्या आत गळायला लागली. तू कॉलेजच्या सहलीला गेली होतीस. त्यांनी युनिट न उघडता वरूनच नट सोडला, फायबर बदललं, आणि गप्प बसले. तुझा पहिलाच मोठा भाग होता, हिरमुसली असतीस म्हणे. वर मला म्हणाले, ‘तिला बोलू नकोस हं.’

धाकटे, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पहिली चूक त्यांनी दुकानात दोन गिऱ्हाइकांसमोर उचलून दाखवली होती. तुझी वीस वर्षं झाकून ठेवली, आणि मी महिनाभर पॅकिंगं कापत बसले तरी ‘पलीकडे बघ’च्या पुढे तोंड उघडलं नाही. आणि तेवढ्यातच, खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला. धाकटीची गळली होती. मी ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं.

मग बाबा फोनकडे सरकले. म्हणाले, मी तिला सांगतो, काटा चुकीचा दाखवतो आहे, टाकी भरू नकोस. तुझं नाव काढत नाही. म्हणजे आता माझ्यावर पांघरूण. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, त्यांनी एकदा तरी माझं काही झाकावं, आणि आता ते देत होते तर मला ते हातात धरवेना. मी म्हटलं, नाही बाबा, मी सांगते. नंबर फिरवला. तू ‘हॅलो’ म्हणालीस, मी ‘ताई बोलतेय’ म्हटलं, तू ठेवलास. दुसऱ्यांदाही ठेवलास. तिसऱ्यांदा बाबा बोलले, ठेवू नकोस गं, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, ‘टाकी गळते. मला माहीत होतं. तरी पाठवली.’

मी पुढच्या शिव्यांसाठी तयार होते. मागे पोर काहीतरी गुणगुणत होती. मग तू विचारलंस, ‘किती वर गेली की गळते?’

‘अर्ध्याच्या वर.’

‘मग तारेचा नट. तेव्हाही तिथूनच गळली होती.’ आणि जरा थांबून, हळू: ‘बाबांना वाटतं मला माहीत नाही. सहलीहून आले तेव्हा नटाखाली कोरं फायबर होतं. मी गप्प बसले. त्यांना बरं वाटलं होतं ना.’

बाबा समोर उभे होते. कानाला हात लावून विचारत होते, काय म्हणते, काय म्हणते? मी म्हटलं, काही नाही, नट बघ म्हणते. फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा मला बजावलं, तिला सांगितलं नाहीस ना? मी म्हटलं, नाही बाबा. हे आता तुझं माझं. त्यांना सांगू नकोस.

मी सोमवारी पहाटेच्या बसनं निघाले. यार्ड म्हणजे पत्र्याच्या चार शेड आणि मधे चिखल. म्हातारी तिसऱ्या शेडमध्ये दोन फ्रिजच्या खोक्यांमागे उभी होती. यार्डचा मुकादम म्हणाला, बाई, पोचवायला दिलेला माल मध्येच उघडता येत नाही. मी म्हटलं, उघडू दिला नाही तर तुमच्या शेडमध्ये हा बॉम्ब आहे, मग बघा. त्यानं लगेच सगळ्यांच्या विड्या विझवायला लावल्या आणि मला एक बाकडं आणून दिलं. तेव्हापासून तो लांबूनच बोलतो.

समोरच्या पंपावरून कॅनमधून पेट्रोल आणलं, टाकी काठोकाठ भरली, झाकणावर खडूची पूड मारली. दहा मिनिटांत नटाखालून एक काळी रेघ निघाली, झाकणावरून वाकडी होऊन खाली गेली आणि कडेला थेंब धरला. बरोबर तू म्हणालीस तिथून. बसून बघत होते. तुला राग आला तर येऊ दे, मला त्या क्षणी परत हेवा वाटला. तू तिकडे चारशे मैलांवर, ना हात लावलास ना वास घेतलास, एक प्रश्न विचारलास. मी महिनाभर तिच्या पोटात डोकं घालून बसले होते. तुझी कधी काळी गळली होती म्हणून तुला माहीत होतं, हे मी स्वतःला समजावलं. ते पुरेसं पडलं नाही.

टाकी उतरवली. नट सोडला. जुनं फायबर बोटात धरलं तर पापुद्रे सुटले. नवं फायबर बाबांनी स्वतः दिलं होतं, त्यांच्या डब्यातलं, जुन्या मालाचं, कागदात गुंडाळून. एक आतून, एक बाहेरून. नट घट्ट, पण पिळून नाही. झाकणाचा पत्रा माझ्याच जोरानं परत किंचित दबला होता, तो काचेच्या तुकड्यावर घासून सपाट केला. पाचवं पॅकिंग. मग पुन्हा काठोकाठ भरून, पुन्हा खडू मारून, काल दिवसभर शेडमध्ये बसून राहिले. मुकादमाच्या बायकोनं चहा पाठवला. संध्याकाळी खडू पांढराशुभ्र होता. आज सकाळीही. नटाशी, सहाही स्क्रूंशी, कडेला बोट फिरवून वास घेतला. नाही.

ट्रकवाल्यांच्या नियमानं ती आता परत रिकामी करावी लागली आहे, त्यामुळे तुझ्या हाती रिकामीच येईल. हे पाकीट सीटवर ठेवते आहे.

आईबद्दल मी काही मागत नाही. माफी वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत, आणि तू ते वाचून तोंड वाकडं करशील ते मला इथून दिसतं. तुला जे बोलायचं असेल ते बोल, नाहीतर बोलू नकोस. इथला ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये एक जागा आहे, चला की बाई गाडीबरोबर. मी नाही म्हटलं. तू बोलावलेलं नाहीस.

आणि हेही लिहिते, म्हणजे मी सुधारले असा तुझा गैरसमज व्हायला नको. गाडी माझ्याकडेच राहायला हवी होती. आज तिची डिकी बंद करताना मला तसंच वाटलं, आणि तू तिच्यातून तलावावर जाशील तेव्हा मी इथे दुकानात बसून तसंच म्हणत असेन. बाबा रविवारी तुझं सगळं बोलणं परत म्हणतील आणि माझ्या पोटात दुखेल. दुखू दे.

तू टाकी काठोकाठ भर. आणि पोरीला मागे बसव.

ताई